आपल्या कंपनीची माणसं

डोंबिवलीत त्या काळी जी जी माणसं साठी ओलांडून खणखणीत जगली, त्यांतली निम्मी तरी डॉक्टरांमुळं नव्हे, तर आमच्या आतोबांच्या धाकानं जगली, असं माझं ठाम मत आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ते डॉक्टर नव्हते, वैद्य नव्हते आणि समाजसेवक तर मुळीच नव्हते. फोर्टातल्या एका गोऱ्या साहेबाच्या पेढीत त्यांनी जमाखर्चाच्या टेबलावर उमेदीची वर्षं काढली. स्वातंत्र्य मिळाल्यावर साहेब मायदेशी गेला, पेढी बंद झाली आणि आतोबा पन्नाशीच्या आतच घरी बसले. सडपातळ बांधा, काळा कोट, काळी टोपी, काखेत छत्री, आणि समोरच्या माणसाकडं पाहण्याची अशी एक रीत की, आपल्या चेहऱ्यावर काही उठलंय की काय असं त्याला वाटावं. त्यांच्याजवळ एका विमा कंपनीचे मोजके शेअर होते. पुढं जे काही झालं ते सगळं त्या शेअरांमुळं झालं.

त्यांचा सिद्धांत असा होता. विमा कंपनी म्हणजे माणसांच्या जगण्यावर चालणारा धंदा. माणूस जगला तर हप्ते येतात, मेला तर पैसे जातात. तेव्हा शेअरचा भाव चढायचा तर माणसं जगली पाहिजेत. इथपर्यंत कोणालाही पटेल असंच होतं. घोटाळा पुढं होता. भाव कंपनी ठरवत नाही, तो बाजारातली बडी मंडळी ठरवतात, असं त्यांनी वर्तमानपत्रातल्या बाजाराच्या सदरात वाचलं होतं. त्या सदरात रोज ‘बड्या मंडळींचा विमा शेअरांकडे कल दिसला नाही’ किंवा ‘मंडळींनी आज हात आखडता घेतला’ असली वाक्यं यायची. ही मंडळी कोण, किती, राहतात कुठं, हे सदरात कधीच नसायचं. त्यामुळं आतोबांनी ती आपल्या मनानं उभी केली होती. लोडाला टेकून बसलेली पाच-सात गंभीर माणसं आणि गावोगाव पेरलेले त्यांचे हेर. हे हेर डोंबिवलीतही होते. कंपनीचा कोणता विमेदार खोकतो, कोण लंगडतो, कोणाच्या दारात डॉक्टरची सायकल उभी राहते, हे ते मंडळींना कळवत आणि दुसऱ्या दिवशी भाव घसरत असे. भाव उतरला की आदल्या दिवशी गावात कोण आजारी होतं ते आतोबा आठवून काढत, आणि असं कोणी ना कोणी सापडेच, कारण डोंबिवलीत तेव्हा हिवताप होता, डास होते आणि प्यायला विहिरीचं पाणी होतं. भाव का पडला हे सांगणारे लोक मी पुढं पुष्कळ पाहिले. नावपत्त्यासकट सांगणारे आतोबा एकटेच.

सोयीसाठी त्यांच्या सवयींचे मी तीन भाग करते: बघण्याच्या, अडवण्याच्या आणि दुखवट्याला जाण्याच्या. बघण्याची सवय सर्वांत जुनी. दर रविवारी सकाळी ते फेरीला निघत. कंपनीचा एजंट त्यांच्याच चाळीत राहत असे, त्यामुळं गावात कोणाकोणाचा विमा आहे हे त्यांना पाठ होतं. अशा लोकांना ते ‘आपल्या कंपनीची माणसं’ म्हणत. ओट्यावर टेकायचं, पाणी मागायचं, ते उकळलेलं आहे का ते विचारायचं, नसलं तर तसंच परत करायचं, मग यजमानांचं मनगट हातात घेऊन डोळे मिटायचे. नाडीतलं त्यांना काही कळत होतं असं मला वाटत नाही, पण धरायचे मोठ्या विश्वासानं. लग्नाच्या पंगतीत आपल्या कंपनीच्या माणसानं तिसऱ्यांदा जिलबी घेतली की पलीकडच्या रांगेतून आतोबांचं खाकरणं ऐकू येई. जंतू मारायला विहिरीत टाकायची जांभळी पूड ते स्वतः कल्याणहून आणत आणि उन्हाळा लागला की कोणाला न विचारता टाकून येत. आमच्या आळीला मग दोन दिवस गुलाबी पाण्यानं अंघोळ करावी लागे. बायका बोटं मोडत. आतोबा म्हणत, “रंगाकडं बघू नका. पुढच्या आठवड्यातला भाव बघा.”

माझं लग्नसुद्धा या सवयीतून सुटलं नाही. मला बघायला आले होते खरे, पण बघितले गेले ते आमचे हे. पोहे होईपर्यंत आतोबांनी त्यांना एक बादली खालच्या विहिरीवरून भरून वर आणायला लावली, आल्या आल्या मनगट धरलं आणि विमा आहे का, कुठल्या कंपनीत आहे, असं विचारलं. ह्यांचा विमा नेमका त्याच कंपनीत निघाला. आतोबा आत येऊन माझ्या वडिलांना म्हणाले, “मुलगा आपल्याच कंपनीचा आहे. बाकी चौकशी करायची तर करा, पण मला गरज वाटत नाही.” हुंडा, पत्रिका, मानपान यांतल्या कशावरही आमच्याकडं वाद झाला नाही, याचं कारण त्या बादलीत आहे. आमच्या ह्यांना आजवर साधा दमही लागलेला नाही, तेव्हा आतोबांची परीक्षा अगदीच फुकट गेली असं मी म्हणणार नाही.

अडवण्याच्या सवयीची जागा ठरलेली होती: रेल्वेचं फाटक. फाटक पडलं की डोंबिवलीकर ते वाकून ओलांडत, हा तिथला रिवाजच होता. आतोबा संध्याकाळी छत्री आडवी धरून तिथं उभे राहत. पण ते अडवत फक्त आपल्या कंपनीच्या माणसांना. बाकीच्यांना रस्ता मोकळा होता. एकदा शाळेतले एक मास्तर वाकून निघाले. आतोबांनी छत्री बाजूला घेतली आणि सौजन्यानं म्हणाले, “या, तुम्ही या खुशाल. तुमचा विमा दुसरीकडं आहे.” मास्तर पलीकडं गेले खरे, पण त्यांच्या मनाला ते फार लागलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी एजंटला घरी बोलावून आतोबांच्या कंपनीची पॉलिसी काढली. घरची माणसं कारण विचारू लागली, तेव्हा म्हणाले, मलाही कोणीतरी अडवावं, एवढंच. एजंट आतोबांना आपला बिनपगारी मुकादम म्हणायचा आणि वर्षातून एकदा कॅलेंडर आणून द्यायचा. त्या कॅलेंडरावर समईच्या उजेडात बसलेलं एक सुखी कुटुंब होतं. आतोबांनी त्या चित्रातल्या पुरुषाचंही पोट जरा सुटल्याचं हेरलं होतं.

दुखवट्याच्या सवयीबद्दल लिहावं की नाही असं वाटत होतं, पण आत्या हयात नाही आणि असती तर तिनं स्वतःच सांगितलं असतं. कोणी गेल्याचं कळलं की आतोबांचा पहिला प्रश्न: कुठल्या कंपनीत होते? दुसऱ्या कंपनीत होते असं कळलं की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरे आणि ते मनापासून, अगदी डोळ्यांत पाणी आणून दुःख करत. आपल्या कंपनीचा माणूस गेला तर मात्र रडत नसत. ते गप्प बसत, दोन दिवस अन्न कमी करत आणि कुठं चुकलं याचा विचार करत. गावाला या प्रश्नाची इतकी सवय झाली होती की लोक मयताची बातमी सांगतानाच पुढं कंपनीचं नाव जोडत.

या सगळ्यात आत्याला कोणी विचारत नव्हतं, आणि ती ते बोलूनही दाखवायची. तिला पावसाळ्यात खोकला लागे. स्वयंपाकघरातून ती मुद्दाम मोठ्यानं खोके आणि मग म्हणे, “ऐकलंत का? उगाच उठू नका. मला कुठं विमा आहे.” एकदा तिनं सरळच सांगितलं, “माझीही एक पॉलिसी काढा म्हणजे तुम्ही माझ्याही ताटात डोकवाल.” आतोबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, “तुला काही होणार नाही, याची मला खात्री आहे. खात्रीच्या गोष्टीचा विमा उतरवत नाहीत.” माझ्यासमोर फोडणीत मोहरी टाकता टाकता ती हसत होती, तेव्हा तिला ते उत्तर आवडलं असावं.

अशी काही वर्षं गेली. गाव धडधाकट राहिलं, जांभळी पूड वेळेवर पडली, तरी मंडळींचा कल काही आपल्या कंपनीकडं होईना. शेवटी आतोबांनी एक दिवस कोट घातला आणि मंडळींना समक्ष भेटायला ते मुंबईला शेअरबाजाराच्या रस्त्यावर गेले. ही भेट त्यांनी मला नंतर इतक्या वेळा सांगितली की आपणच गेलो होतो असं मला वाटतं. रस्त्यात माणसं हातवारे करत ओरडत होती. त्यांतून बाजूला, रसाच्या गुऱ्हाळापाशी एक स्थूल शेठ बर्फ घातलेला उसाचा रस पीत होते. आतोबांनी जवळ जाऊन, आपण बड्या मंडळींपैकी का, असं विचारलं. शेठ पोटावर हात ठेवून म्हणाले, बडा तर मी दिसतोच आहे. मग आतोबांनी मुद्द्याला हात घातला. आमच्या कंपनीवर तुमचा राग का, आमची माणसं चांगली ठणठणीत आहेत, म्हणाले. शेठ म्हणाले, “राग कसला, काका? ती कंपनी काय करते ते पण मला ठाऊक नाय. तो समोर निळ्या पगडीवाला उभा आहे ना, तो घेईल तर मी घेणार. तो विकेल तर मी विकणार.”

“आणि ते कोणाकडं बघतात?”

“माझ्याकडे,” शेठ म्हणाले आणि रसाचा दुसरा पेला घेतला.

दुसरा एखादा असता तर त्याच संध्याकाळी शेअर विकून मोकळा झाला असता. आतोबा घरी आले ते मंडळींबद्दल कणव घेऊन. मला म्हणाले, “पोरी, मंडळी वाईट नाहीत गं. घाबरलेली आहेत बिचारी. एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभी आहेत. कोणीतरी न घाबरता एका जागी उभं राहिलेलं त्यांना दिसलं पाहिजे.” शेठला त्यांनी हिवाळ्यात बर्फ न पिण्याचा सल्ला देऊन ठेवला होता. शेठचा विमा कुठं आहे हे विचारायचं तेवढं राहून गेलं, याची त्यांना पुढं कितीतरी दिवस चुटपुट होती.

आता कान्हूशेठबद्दल सांगायला हवं. खाडीकाठच्या गावात कान्हूशेठची मिठागरं होती. बाप-आजा मिठागरावर राबले, ह्यानं ती आपली केली, वर फाटकाजवळची जमीनही त्याचीच. उंचापुरा, काळाभोर, छातीचा कोट केल्यासारखा माणूस. एजंटनं कसं कोण जाणे, त्याला भरीस घालून गावातली सर्वांत मोठी पॉलिसी त्याच्या गळ्यात मारली होती आणि तेव्हापासून आतोबांची झोप उडाली होती. कारण कान्हूशेठ सकाळी ताडी प्यायचा, भरतीच्या खाडीत पोहायचा, उधळलेला बैल शिंगांना धरून थांबवायचा आणि सुकटीत तिखट इतकं घालायचा की, शेजारच्या घरात ठसका लागावा. आतोबांची रविवारची निम्मी फेरी त्याच्या ओट्यावर संपायची. ते मनगट धरून बसायचे, तो दुसऱ्या हातानं मिशी पिळत राहायचा. “काका, मना काय होनार हाय?” तो म्हणायचा. आतोबा म्हणायचे, “बोलू नकोस. मोजतोय.” कान्हूशेठ दिवाळीला मिठाचं एक आख्खं पोतं आतोबांकडं पाठवायचा. एवढं मीठ चाळीतल्या आपल्या कंपनीच्या माणसांच्या पोटात गेलं तर भाव कितीनं उतरेल, ही आतोबांची विवंचना. आणि ते ठेवायचं कुठं, ही आत्याची. चाळीतल्या दोन खोल्यांत पोतं आलं की एक पाट कमी मांडावा लागे.

एका हिवाळ्यात, मिठाचा हंगाम नुकता सुरू होत असताना, कान्हूशेठला ताप भरला. कल्याणच्या डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला. आठ दिवसांत तो माणूस ओळखू येईना. आणि नेमक्या त्याच आठवड्यात बाजाराच्या सदरात कधी नव्हे ते छापून आलं, की बड्या मंडळींचा विमा शेअरांकडे जोरदार ओढा दिसतो. भाव आतोबांनी आयुष्यात पाहिला नव्हता इतका चढला. मी त्या दिवशी आत्याकडं वाल सोलायला बसले होते, म्हणून पुढचं बोलणं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

आत्या म्हणाली, “आली ना मंडळी शेवटी आपल्या दारात? मग देऊन टाका त्यांना, आणि मला स्वतःच्या दोन खोल्या घ्या. अंगणात विहीर असली की झालं. तुमची पूड तरी आपल्या घरच्या पाण्यात टाका.”

आतोबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, “कान्हू अंथरुणावर आहे.”

“त्याला मी कुठं उठवायला सांगतेय?”

“त्याला एवढा ताप असताना मी विकले, तर त्याचा अर्थ काय होतो?”

“काय होतो?”

“तो जगत नाही, असं मला वाटतं, असा होतो.”

आत्यानं हातातली शेंग खाली ठेवली. एजंटच्या पोटात काही राहत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. आज विकले तर उद्या ते खाडीकाठी कळणार होतं. ती उठून आत गेली. मला वाटलं रागावली. ती बाहेर आली ती आतोबांचे दोन सदरे आणि पंचा पिशवीत भरून. “जा,” म्हणाली, “पण तिथं उगाच सगळ्यांना शिकवत बसू नका.”

आतोबा कान्हूशेठच्या घरी राहायला गेले. शिकवत बसू नका, एवढं सोडून आत्याचं सगळं त्यांनी ऐकलं. पाणी उकळण्यासाठी वेगळी चूल घातली. घरच्यांनी भगत आणला होता. आतोबांनी त्याच्याशी भांडण काढलं नाही. आधी त्याचा विमा कुठं आहे ते विचारलं, कुठंच नाही म्हटल्यावर हळहळले, आणि मग अंगारा कपाळाला लावावा, पोटात जाऊ देऊ नये, घुमायचं ते अंगणात, असं ठरवून घेतलं. भगतही समंजस निघाला. डॉक्टरांनी मुंबईहून मागवलेल्या नव्या गोळ्या, मुगाचं पाणी आणि तांदळाची पेज एवढ्यावर दिवस निघू लागले. पण कान्हूशेठ पेज तोंडात धरीना. त्याच्या बायकोनं रडून पाहिलं, मुलींनी हात जोडले. तो तोंड फिरवायचा. एजंटनं एकदा भेटीला येऊन भाव चढल्याची बातमी तिथं सांगितलीच होती. त्या दुपारी कान्हूशेठनं तापानं लाल झालेले डोळे उघडले आणि आतोबांना विचारलं, “काका, इकलंत काय?”

“नाही विकले.”

मग त्यानं तोंड उघडलं आणि वाटीभर पेज घेतली. तेव्हापासून तो परिपाठच झाला. पेज पुढं आली की तो विचारायचा, विकलंत का. आतोबा म्हणायचे, नाही. आणि तो प्यायचा. त्याची बायको मला म्हणाली, डाक्टरच्या औषधापरीस ह्या काकांचा ‘नाय’ त्याला लागू परतंय. घर त्या एका शब्दावर श्वास धरून होतं.

एका संध्याकाळी आमचे हे स्टेशनजवळच्या दुकानात रेडिओ ऐकून धावत घरी आले. सरकारनं आयुर्विम्याच्या सगळ्या कंपन्या आपल्या ताब्यात घेतल्या होत्या. शेअर होते तिथंच मेले. भरपाई मिळेल म्हणत होते, पण ती केव्हा आणि किती हे सरकारलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं खाडीकाठी गेलो. ही बातमी आत्याला कोण सांगणार, आतोबांना कोण सांगणार, यावर वाटेत आमचं बोलणं झालं आणि ह्यांनी आतोबांना सांगायचं ठरलं. आतोबा ओटीवर उभे राहून पेज एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतत निववत होते. ह्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. आतोबांचा हात थांबला नाही, फक्त पेजेची धार जरा वाकडी पडली. “म्हणजे मंडळींचा काही संबंध राहिला नाही?” त्यांनी विचारलं. हे म्हणाले, नाही, मंडळी संपली. आता सरकार. “आणि कान्हूची पॉलिसी?” ती आहे तशीच, म्हणाले, त्याचं काही झालं तर आता सरकार देईल. आतोबांनी मान हलवली.

मला त्या क्षणी वाटून गेलं, की आता आतोबांचं इथं काम काय? ते पंचा झटकून पिशवी उचलतील, आणि उचलली तरी त्यांना नाव ठेवायला कोणाला तोंड नाही. ओटीवरून कान्हूशेठची खाट दिसत होती. तो जागा होता. आमची कुजबुज त्यानं पाहिली होती. आतोबा वाटी घेऊन आत गेले, खाटेपाशी बसले. कान्हूशेठनं नेहमीसारखं विचारलं, “काका, इकलंत काय?”

आतोबा म्हणाले, “नाही. आणि आता विकणारही नाही.”

कान्हूशेठनं पेज घेतली. त्या दिवशी त्यानं वाटी स्वतःच्या हातानं धरली.

तो उठून बसला, चालू लागला आणि होळीच्या आधी पुन्हा मिठागराच्या बांधावर दिसू लागला. झालेला प्रकार त्याला एजंटनंच सांगितला. तो काठी टेकत चाळीत आला आणि म्हणाला, “काका, माज्यापायी बुरालाव तुमी.” आतोबा म्हणाले, “बुडालो कशानं? भाव गेला. माणूस आहे की.” आणि लगेच, जिना चढून आलास तेव्हा बस, म्हणून त्याचं मनगट धरलं. भरपाईचे जे काही पैसे पुढं आले त्यात आत्यानं अंघोळीच्या पाण्यासाठी एक तांब्याचा बंब घेतला. तो तिनं इतका लख्ख ठेवला होता की, येणाऱ्याला आधी तो दाखवायची. मंडळींची एवढीच वस्तू आपल्या घरात आली, म्हणायची.

आम्हाला वाटलं, आता आतोबा निवांत होतील. पण त्यांनी नव्या व्यवस्थेचा अर्थ आपल्या पद्धतीनं लावला. सगळ्या कंपन्या एक झाल्या, म्हणजे सगळीच माणसं आपल्या कंपनीची झाली. रविवारच्या फेरीला डोंबिवली पुरेना. ते कल्याणला जाऊ लागले, विठ्ठलवाडीला उतरू लागले. एकदा आंबिवलीच्या एका अनोळखी गृहस्थाच्या ताटातलं लोणचं बाजूला काढून आले. फाटकावर त्यांना आता निवड करता येईना. प्रत्येकालाच अडवावं लागे, आणि माणसं तर वाढत चालली होती. “पोरी, मी एकटा कुठंकुठं पुरा पडू?” ते मला म्हणाले. तक्रारीचा सूर होता, पण चेहरा असा, की उभ्या देशाची माणसं कोणीतरी भरवशानं त्यांच्या ओटीत घातली आहेत.

तीनएक वर्षांनी, अशाच एका रविवारी, कान्हूशेठच्या ओट्यावर त्याचं मनगट हातात धरून डोळे मिटून बसले असताना आतोबा गेले. काही बोलले नाहीत, कोणाला हाक मारली नाही. कान्हूशेठ सांगत होता, “त्यांचा हात गार लागला, तवा मना वाटला, माजीच नारी बंद परली.” त्यानंच त्यांना बैलगाडीतून, मांडीवर डोकं घेऊन घरी आणलं. चाळीचं अंगण माणसांनी भरून गेलं. फाटकावर अडवलेली, लग्नात जिलबी टाकून उठलेली, गुलाबी पाण्यानं न्हालेली, सगळी आली होती. मास्तर एका बाजूला टोपी हातात घेऊन उभे होते. तेव्हा कान्हूशेठनं आत्याला विचारलं. त्यात थट्टा नव्हती. आतोबांच्या घरी दुखवट्याला आल्यावर दुसरं काय विचारायचं असतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. “आत्या, काका कंच्या कंपनीत व्हते?”

आत्या म्हणाली, “कुठल्याच नाही. कोणी घेतलंच नाही त्यांना.”

मग तिनं जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते. तरुणपणी आतोबा याच कंपनीत विमा उतरवायला गेले होते. कंपनीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, कपाळाला आठी घातली, आणि हृदय अधू आहे, हा माणूस चाळिशी काही बघत नाही, असं सांगून अर्ज परत केला. आतोबा घरी आले. हप्त्यासाठी बाजूला काढलेले पैसे होते, त्यांतून त्यांनी त्याच कंपनीचे शेअर घेतले. “त्यांना माझी खात्री नाही,” आत्याला म्हणाले होते, “तर निदान मला त्यांची असू दे.”

कान्हूशेठ आतोबांच्या पायांशी बसला होता. तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “कंपनीनी काकांना पैल्याच दिशी इकून टाकलेला. आन् काकांनी मना नाय इकला.”

दर दिवाळीला मिठाचं पोतं येत राहिलं, आत्या होती तोवर. आता फाटकाच्या जागी पूल झालाय आणि रूळ ओलांडायचं कोणाला कारण उरलेलं नाही. पण आमचे हे पुलाच्या पहिल्या पायरीशी येतात, थांबतात आणि वळून एकदा मागं बघतात. दम लागलाय म्हणून थांबत नाहीत, हे मला माहीत आहे. मीही मग पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि त्यांच्याबरोबर क्षणभर थांबते. कोणीच अडवत नाही असं दोघांनाही पुरतं कळल्यावर आम्ही सावकाश, एकेक पायरी बघत, वर चढू लागतो.